किलीनरची बाजू

मंगलने कॉम्प्युटर भिंतीपासून पुढे ओढला, मागे हात घालून वायर खोचली आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला लोंबणारं काळं, बटणांचं यंत्र वडलांच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये काय?" म्हादूने विचारलं.

"जॉयस्टिक. आता गाडी ह्यानं चालवायची, आबा. दोन हातांनी."

शेवटचे दोन शब्द तिने मुद्दाम सावकाश उच्चारले. त्या यंत्राला स्टिक म्हणावी अशी कुठलीच दांडी नव्हती, पण क्लासात सगळे त्याला जॉयस्टिकच म्हणत. डाव्या अंगाला अधिकाच्या चिन्हासारखं एक बटण होतं, ते दाबलं की गाडी वळायची. उजवीकडच्या गोल बटणांनी ती पळायची आणि थांबायची.

म्हादूने उजव्या हाताने आपला डावा हात उचलून यंत्रावर नेऊन ठेवला. मंगलने खेळ सुरू केला. पडद्यावरची लाल गाडी भरधाव निघाली, पहिल्या वळणाला वळलीच नाही आणि सरळ दरीत गेली. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा डावा हातच घसरून मांडीवर पडला.

"माझा पानाचा डबा दे," म्हादू म्हणाला आणि यंत्र बाजूला सारलं.

म्हादूच्या अंगावरून वारं गेलं ते उळवीच्या जत्रेच्या सुमारास. पाय हळूहळू सावरला. जीभही सावरली, ती तर पहिल्यापेक्षा जरा जास्तच. डावा हात मात्र रुसून बसला. बोटं हलती ठेवा, नाहीतर हात कायमचा आखडेल, असं बेळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यासाठी त्यांनी दिलेला रबरी चेंडू म्हादूने शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला.

मंगल बेळगावात कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. क्लासाने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिने पोत्यात गुंडाळून बसने रामनगरला आणला होता, सुट्टीत घरी सराव करायला म्हणून. त्यात मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता. तो तिने वडलांना एकदा सहज दाखवला आणि कॉम्प्युटर तिच्या हातातून गेला तो गेलाच. ज्याने उभी हयात अनमोड घाटात लाकडाचा ट्रक चढवला-उतरवला, त्याच्यापुढे डोंगरातला वळणावळणाचा रस्ता ठेवल्यावर दुसरं काय होणार? माऊसने खेळ कसा उघडायचा ते तो एका दुपारात शिकला. कीबोर्डवरच्या बाणांच्या चार कळा एका उजव्या हाताखाली मावत होत्या. तेवढ्यावर तो शर्यती मारायला लागला.

आणि तेच मंगलला बघवत नव्हतं. उजवा हात जिंकत असताना डावा मांडीवर पडून असायचा, कुणी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा. म्हणून तिने क्लासातल्या सरांकडून हे यंत्र मागून आणलं होतं. वापरणार असाल तर ठेवा, नाहीतर हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी परत करा, असं सर म्हणाले होते.

"आबा, कीबोर्डवर डावा हात काहीच करत न्हाई."

"न्हाई करत तर न्हाई. गाडी चालती न्हवं?"

"आनि हात गेला कायमचा मग?"

म्हादूने पानाचा डबा पुढे ओढला. एका हाताने सुपारी कातरणं त्याला अजून जमत नव्हतं. मंगलने अडकित्ता घेतला, सुपारी कातरून दिली आणि त्याच रागात खेळ उघडून देऊन कीबोर्ड कपाटावर नेऊन ठेवला.

तो सगळा दिवस म्हादू पडद्याकडे बघत बसून राहिला. गाडी सुरुवातीच्या रेघेवर उभी होती. संध्याकाळी केशर, म्हादूची बायको, पदराला हात पुसत बाहेर आली. लेकीला म्हणाली, "दे गं त्यो काढून. रस्ता तेवढा तरी ऱ्हाऊ दे त्यास्नी."

"आये, तू मधी पडू नको."

"मी कशाला पडू? मला कुठं गाडी येतीय?"

म्हादूने मान वर केली. बायकोकडे जरा वेळ बघितलं. मग बाकावर उजवीकडे सरकून डाव्या बाजूला जागा केली.

"बस हितं," तो म्हणाला.

"चुलीवर भात हाय."

"मंगल बघंल भात. ट्रकाची डावी बाजू किलीनरची असती. डायव्हरनं तिकडं बघायचंच नसतंय. किलीनर सांगंल तसं जायाचं. बस."

केशर उभीच राहिली. एवढ्या वर्षांत ती म्हादूच्या केबिनमध्ये कधी बसली नव्हती. बायकामाणसाला गाडीत घ्यायचं नाही अशी मालकाची शिस्त होती. ट्रक दारावरून जाताना म्हादू हॉर्न वाजवायचा आणि ती हातातलं काम टाकून दारात यायची, तोवर मागच्या लाकडांची टोकंच दिसायची. डाव्या बाजूने किलीनर पोरगं हात हलवायचं. त्या पोरांचा तिला कधीकधी हेवा वाटायचा, पण हे ती कुणाला सांगणार?

ती बसली. अवघडून, बाकाच्या अगदी कडेला. म्हादूने आपला डावा अंगठा त्या अधिकाच्या बटणावर ठेवला आणि केशरने त्यावर आपला.

"आता डावीकडं," म्हादू म्हणाला. "दाब. अगं दाब की."

गाडी उजवीकडच्या कड्यावर आपटली.

"ही तुमची डावी व्हय?"

"माझी कुठली? आता डावी सगळी तुझी."

"म्हंजे वळवायचं मी, आनि तुमी नुसतं पळवायचं?"

"आजवर तरी येगळं काय केलं?"

केशरला हसू फुटलं. भात करपल्याचा वास आला तरी तिघांपैकी कुणी उठलं नाही.

सोमवारी मंगल बेळगावला गेली. जाताना तिने कीबोर्ड खाली काढून ठेवला. आईच दाबतेय म्हटल्यावर बापाच्या हाताला व्यायाम कसला, असं तिला वाटत होतं. येत्या सोमवारी यंत्र परत नेते, असं तिने वडलांना सांगूनही टाकलं होतं.

शनिवारी ती परत आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दार उघडंच होतं. चप्पल काढता काढता तिचं लक्ष आत गेलं आणि ती तिथेच थांबली.

केशर भिंतीला डोकं टेकून झोपली होती. तिचा हात मांडीवर घसरला होता. म्हादू मात्र खेळत होता. गाडी डावीकडच्या वळणाला आली. म्हादूचा खालचा ओठ दाताखाली गेला, डावा अंगठा कापत कापत टेकला, आणि गाडी वळली. मग उजवीकडे. मग परत डावीकडे, कठड्याला घासून, पण रस्त्यावरच.

मंगलच्या हातातली पिशवी दाराच्या चौकटीला लागली. म्हादूने वळून बघितलं. तिचे डोळे भरलेले त्याला दिसले असणार, कारण त्याने घाईघाईने मान हलवली. बोलू नको.

ती जवळ जाऊन बसली. तो तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "बुधवारपास्नं हलाय लागलाय. तिला सांगू नको."

"का पन?"

"हात बरा झाला म्हटलं की उठून कामाला लागंल. दुपारची कधी बसलीय व्हय ती आजवर? आता बसती. मला बरं वाटतंय."

केशरने चुळबुळ केली. त्यासरशी म्हादूने अंगठा ढिला सोडला आणि गाडी सरळ दरीत घातली.

"किलीनर झोपला की असंच व्हतंय," तो मोठ्याने म्हणाला.

"डोळा लागला वाटतं." केशरने पदर सारखा केला, लगबगीने आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला. मग लेक दिसली. "कवा आलीस गं? चहा ठेवते."

"मी ठेवते. तू बस."

मंगल स्वयंपाकघरात आली. तिने चुलीवर आधण ठेवलं, पण डबे कुठले कुठे तेच तिला सुचत नव्हतं. एवढ्यात केशर मागोमाग आली. साखर दाखवायला आल्याचा बहाणा होता, साखरेचा डबा तर समोरच होता. तिने बाहेर एकदा नजर टाकली आणि आवाज खाली घेतला.

"वळली न्हवं गाडी?"

"आये, तू जागी हुतीस?"

"माझ्या अंगठ्याखाली त्यांचा अंगठा हलल्याला कळना व्हय मला? पन मी बघाय लागलं की हात आवळून बसत्यात. पडला तर हसतील म्हणून. म्हणून दुपारचं डोळं मिटून पडायचं." तिने साखरेचा डबा उगीच उचलला आणि परत ठेवला. "त्यास्नी सांगू नको हां. जरा घट्ट हुंदे हात."

मंगलला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही आवरायला तिने चुलीत फुंकर घातली.

बाहेरून म्हादूचा आवाज आला. "मंगल, त्ये सोमवारी परत न्यायचं म्हणालीस न्हवं?"

"व्हय. नेऊ का? कीबोर्ड हायच की तुमाला."



"नको. ठेव त्ये," तो म्हणाला. "कीबोर्डवर किलीनरला जागा न्हाई." आणि मग हाक आली, "किलीनर कुठं गेला? गाडी भरून उभी हाय."

केशरने पदराला हात पुसले, विस्कटलेले केस कानामागे सारले, आणि बाहेर जाऊन डाव्या बाजूला बसली.