हळद लावलेली छडी

मागच्या बाकावर बसलेल्या अमृतरावांनी चष्म्यावरून फळ्याकडे पाहिलं आणि आपला उजवा पंजा गुडघ्यावरून जरासा उचलून दाखवला. एवढंच. पाचवीच्या वर्गात त्या वेळी बाजार भरला होता. दोघं जण खिडकीत चढले होते, आणि अपूर्णांक शिकवून घसा बसलेला चोवीस वर्षांचा रविकांत मास्तर खडू धरून घामाघूम झाला होता. त्यानं तो पंजा पाहिला, खडू टेबलावर ठेवला आणि जे पोर सगळ्यात जवळ होतं त्याच्या कानफटात अशी दिली की खिडकीतले दोघे आपोआप खाली उतरले.

जवळ होती ती चंदा. ती दंगा करतच नव्हती. शेजारणीला खोडरबर द्यायला तिनं मान वळवली आणि नेमका डावा कान पुढे आला. ती बाकाच्या कडेवर आपटली, ओठ फुटला, मग आपणहून उठून जागेवर बसली. रडली नाही. वर्ग चिडीचूप झाला. अमृतरावांनी निरीक्षणाच्या वहीत लिहिलं, ‘वर्गावर वचक बसला,’ खाली रेघ ओढली, आणि त्यांना खरोखर बरं वाटलं.

बरं वाटायला कारण होतं. राज्याच्या सीमेपलीकडे, तलमडुगूपासून सात-आठ किलोमीटरवरच्या या मराठी शाळेत नवा मास्तर यायचा म्हणजे आधीच दुर्मीळ गोष्ट. आला की त्याचं पहिलं वर्ष एखाद्या जुन्या मास्तरानं सांभाळायचं, आठवड्यातून दोनदा मागच्या बाकावर बसायचं, चुकलं ते मधल्या सुटीत सांगायचं आणि शेवटी अहवाल द्यायचा. अमृतरावांच्या वाट्याला रविकांत आला. नार्नूरकडचा पोरगा, बाप नाही, आई रेणुकाबाई उटनूरच्या आठवडी बाजारात भाजी विकते. तिसऱ्या खेपेला मास्तरकीच्या परीक्षेत पास झाला. रुजू झाला त्या दिवशी ती माय स्वतः आली होती, आणि पोराचा हात गुरुजींच्या हातात देऊन, तुमच्या पदरात टाकला, म्हणाली होती. तेव्हापासून अमृतराव आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला देत आणि आपल्याला येतं ते सगळं शिकवत.

येत पुष्कळ होतं. फळ्यावर लिहिताना वर्गाला पाठ दाखवू नये, कच्ची पोरं दाराशी बसवू नयेत, उत्तर चुकलं तर आधी प्रश्न पुन्हा विचारावा. रविकांतनं हे सारं उचललं. एकच गोष्ट त्याला जमेना, आणि अमृतरावांच्या लेखी तीच खरी होती. छडीचा वळ उठतो, वळाचा फोटो निघतो, फोटो गावभर फिरतो आणि नोकरीवर येतं. हाताचं तसं नाही. पंजा थोडा खोलगट ठेवून कानावर द्यायची, आवाज मोठा होतो, खूण राहत नाही. सुरुवातीला एकदाच, मग वर्षभर नुसता हात दाखवला तरी पुरतं. लोणच्याची कृती सांगावी तसं त्यांनी हे जेवता जेवता सांगितलं होतं. मायाच्यानं नाही होत, सार, असं रविकांत जूनपासून नोव्हेंबरपर्यंत म्हणत राहिला, आणि वहीत दर आठवड्याला ‘वचक नाही’ असा शेरा पडत राहिला.

पूर्वी असं चोरून मारावं लागत नसे. पोराचं नाव शाळेत घालायच्या दिवशी बाप निर्गुडीची छडी तोडून, तिला हळद लावून आणायचा आणि गुरुजींच्या हातात द्यायचा. त्या छडीचा मार घरी सांगायचा नाही, हा गावाचा रिवाज. अमृतरावांच्या कपाटामागे एके काळी अशा छड्यांचा भारा असे. त्यांनी त्या वापरल्या, मोडल्या, आणि आपण माणसं घडवली असं ते मनापासून मानत आले. गावात एकच जण असा निघाला की ज्याचं त्यांना काही करता आलं नाही. तो म्हणजे चंदाचा बाप, बाबाराव. तोही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पण रस्त्यात भेटला आणि गुरुजी बोलायला लागले की हा तोंड फिरवायचा. समोर उभा राहायचा, जायचा नाही, नुसतं तोंड डावीकडे. तीस वर्षं अमृतराव त्याला मग्रूर म्हणत आले होते.

चंदाला मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनेच्या वेळी आला. कापूस वेचणीचे दिवस, निम्मी पोरं शेतात, उरलेली रांगेत उभी. बाबारावाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता आणि मागे पुतण्या संतोष. मोठ्या बाई भाग्यलक्ष्मी तलमडुगूला मीटिंगला गेल्या होत्या. बाबाराव रांगांच्या मधून सरळ रविकांतपाशी गेला आणि पहिला दांडा त्याच्या खांद्यावर घातला.

दुसरा बरगडीवर बसला. रविकांत वाकला तसा संतोषनं त्याला मागून धरलं आणि तिसरा तोंडावर आला. एक दात झेंड्याच्या ओट्यावर पडला, पांढऱ्या चुन्यावर रक्ताचा सडा झाला. लहान पोरं किंचाळत कापसाच्या पऱ्हाटीत पळाली. रविकांत गुडघ्यावर आला तर लाथ बसली, उठायला गेला तर पाठीत दांडा. तो हात वर करत नव्हता, डोकंसुद्धा झाकत नव्हता. अमृतराव व्हरांड्यात घंटेपाशी उभे होते, घंटेचा हातोडा हातात होता. पाय उचलेनात, असं ते नंतर स्वतःला सांगून पाहत. खरं म्हणजे त्यांनी ते उचललेच नाहीत. भीती वाटत होती, मारापेक्षाही दुसऱ्याच गोष्टीची.

तीच गोष्ट बाबारावानं विचारली. रविकांतचं बखोट धरून त्याला उभं केलं आणि म्हणाला, “रातभर पोट्टीच्या कानातून रगत वाहून राह्यलं. डाक्टर म्हनते पडदा फाटला. पोट्टीच्या कानावर माराचं तुले कोनं शिकवलं?”

रविकांतनं रक्तानं भरलेले डोळे उघडले. पोरांच्या डोक्यांवरून त्यानं व्हरांड्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

“कोनी नाही,” तो म्हणाला.

दांडा पुन्हा उठला तेव्हा अमृतराव धावले. एकोणसाठ वर्षांचा माणूस धोतर सावरत मैदानातून पळाला. बाबाराव, थांब, असं ते तीनदा ओरडले, शेवटी तर त्याच्या अगदी खांद्यापाशी. बाबारावानं लक्षही दिलं नाही. तशाही घाईत त्यांच्या मनात आलं, किती हा माजोरी. त्यांनी त्याची बाही धरली. बाबारावानं न पाहता दांडा मागे फिरवला, तो त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं अमृतरावांना आधी ऐकू आलं, दुखलं नंतर.

बाबाराव वळला आणि त्याच्या हातातून दांडा गळून पडला.

“गुरुजी, तुमी व्हय? या बाजूनं मले ऐकू नाही येत.”

“कधीपासून?”

“चवथीपासून. सत्राच्या पाढ्यावर तुमी मारलं होतं. छडी मोडली, मंग हातानं देल्ली. सा महिने पू वाहे. पू बंद झाला अन् ऐकू येनंबी बंद झालं.”

अमृतराव आठवू लागले. चौथीचा वर्ग आठवला, सतराचा पाढा आठवला, मोडलेल्या छड्या तर कितीतरी आठवल्या. हे पोर त्यांना आठवेना. एवढं मोठं काम आपल्या हातून झालं आणि त्याची आपल्याला आठवणसुद्धा नाही, याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

“मले सांगतलं काऊन नाही?”

“काय सांगाचं? माया बापानं हळद लावून छडी देल्ली होती तुमाले. रिवाज होता, तुमी मारलं. म्या तुमच्यावर कवाच राग नाही धरला.” त्यानं खाली पडलेल्या रविकांतकडे बोट केलं. “पन या मास्तराले म्या कोनती छडी देल्ली होती?”

दुपारी अॅम्ब्युलन्स रविकांतला घेऊन गेली. त्याच्या दोन बरगड्या गेल्या होत्या आणि जबडा सुजून डोळा बंद झाला होता. अमृतराव बरोबर निघाले, तर त्यानं स्ट्रेचरवरूनच नको म्हणून हात हलवला. भाग्यलक्ष्मीबाई परत आल्या तोवर पोलिसांना फोन गेला होता. त्यांनी ऑफिसचं दार लोटून घेतलं, अमृतरावांच्या गळ्यात रुमालाची झोळी बांधून मोडलेला हात तीत ठेवला आणि समोर कोरा कागद सरकवला. बाई वाईट नव्हत्या. वीस वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाची त्यांना काळजी होती.

“चौदा महिने राह्यले तुमच्या नोकरीचे,” त्या म्हणाल्या. “तुमी समजावून सांगतलं होतं, त्यानं नाही ऐकलं, एवढंच लिवा. त्याची नोकरी कच्ची हाय, ते तर जाईलच. लहान हाय, दुसरं काही करून घेईल.”

अमृतरावांच्या डोळ्यांपुढे रेणुकाबाईचा हात आला, भाजीच्या मातीनं भेगाळलेला, पोराचा हात त्यांच्या हातात देणारा. ज्या हातात दिला तोच आज झोळीत पडला होता. त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं. पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी अक्षरं निघाली, दोन ओळींना पाव तास लागला. ‘मुलीला मारण्याची खूण मी केली. असं मारायला पाच महिने मीच शिकवत होतो.’ खाली सही केली, ती सहीसारखी दिसेना, म्हणून पूर्ण नाव लिहिलं. बाईंनी वाचलं आणि हा कागद फाडू का, असं हळूच विचारलं. पोलिसांसाठी एक नक्कल काढा, असं सांगून ते बाहेर आले.

बाबाराव पळाला नव्हता. तो हातपंपाच्या ओट्यावर पोलिसांची वाट पाहत बसला होता. सदऱ्यावर दुसऱ्याचं रक्त वाळलं होतं, दांडा पायाशी होता. अमृतराव समोर येऊन उभे राहिले तसं त्यानं नेहमीप्रमाणे तोंड डावीकडे फिरवलं आणि उजवा कान त्यांच्याकडे केला. तीस वर्षं हा माणूस तोंड फिरवत नव्हता, गुरुजींचं नीट ऐकू यावं म्हणून चांगला कान त्यांना देत होता.

त्या कानात त्यांनी सांगितलं. काल वर्गात मागच्या बाकावर आपण होतो. हात आपण दाखवला. कसं मारायचं तेही आपणच शिकवलं, आणि सकाळी रविकांत मार खात होता तेव्हा आपण व्हरांड्यात उभे राहून पाहत होतो. सांगताना त्यांनी एकही शब्द मऊ केला नाही.

बाबारावाचा हात दांड्याकडे गेला. अमृतरावांनी डाव्या हातानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. त्यांना खरंच वाटत होतं की त्यानं मारावं. मारलं असतं तर निदान काही फिटल्यासारखं झालं असतं.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा दांडा जमिनीवरच होता. बाबारावानं मान फिरवली होती, या वेळी दुसऱ्या बाजूला. अमृतरावांसमोर आता त्याचा बहिरा डावा कान होता, आणि इतक्या जवळून तो त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

रस्त्यावर जीपचा आवाज आला. अमृतराव आणखी थोडे वाकले आणि त्या कानापाशी पहिल्यापासून पुन्हा सांगू लागले.