आधी काय हवं

मोठ्या सरांनी फळ्यावर पहिली चौकट काढली, तीत 'कॅल्क्युलस' लिहिलं आणि बोटांवरची खडूची भुकटी फुंकून टाकली.

"याच्या आधी काय?"

"माझ्या आधी कोणी नाही," कॅल्क्युलसच्या बाई म्हणाल्या. "नोकरीला लागले तेव्हापासून नाही."

सगळे हसले. नंबर थिअरी शिकवणारी तीही हसली, जरा उशिरा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा बसला होता. त्याने हसता हसता तिच्याकडे पाहिलं आणि लगेच फळ्याकडे वळला.

गणित विभागाचा नवा अभ्यासक्रम ठरत होता. कोणता विषय कोणत्या विषयानंतर घ्यायचा, एवढंच आज नक्की करायचं होतं. प्रत्येक विषयाला एक चौकट. जो विषय आधी व्हायला हवा, त्याच्या चौकटीतून एक बाण. दिसायला साधं काम. पण एखाद्या ऐच्छिक विषयाच्या दारात असा एक बाण आणून उभा केला, की निम्मी मुलं तिथूनच मागे फिरतात, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मुलं कमी झाली की विषय आपोआप बंद पडतो. कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

म्हणूनच मागच्या बैठकीत मोठ्या सरांनी नियम केला होता, स्वतःच्या विषयाबद्दल स्वतः लिहायचं नाही. "आपल्या विषयापुढे सगळेच पायघड्या घालतात," ते म्हणाले होते. प्रत्येकाच्या विषयाआधी काय हवं, ते दुसऱ्याने लिहून द्यायचं. तिची नंबर थिअरी त्यांनी तिच्या नवऱ्याकडे सोपवली, आणि त्याची ग्राफ थिअरी तिच्याकडे.

"तुमचं घरातल्या घरात होऊन जाईल."

दोघंही तासांवर शिकवत होते. सुट्टी लागली की पगार बंद. आता विभागात एक कायम जागा निघणार होती आणि ज्याचा विषय चालेल त्याला ती मिळणार, हे उघड होतं. ती इथे आधी लागली होती. त्याचं काम सुटलं तेव्हा तिनेच मोठ्या सरांकडे शब्द टाकला. तेव्हापासून विभागात त्याला सगळे जावईबापू म्हणत. तो ते हसण्यावारी नेई.

त्या संध्याकाळी तो भांडी घासत होता, ती पुसत होती.

"आपण रिकामंच सोडू या," तो म्हणाला. "तुझ्या आधी काही नको, माझ्या आधी काही नको. पोरं जातील तिकडे जातील."

"आणि जागा?"

"कोणालाही मिळो. पगार येणार याच घरात ना?"

"ठरलं," ती म्हणाली. त्याने फेसाळलेला हात पुढे केला आणि तिने तो तसाच हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसून तिने त्याच्या विषयापुढे लिहिलं, आधी नंबर थिअरी हवी. मुलांना सिद्धता लिहिता येत नाही, ती आपल्या वर्गात शिकतात. हे खरंही होतं. खरं आहे म्हणून तर लिहितोय, असं तिने स्वतःला समजावलं आणि पेनाचं टोपण लावलं.

आज सकाळी स्कूटरवर तो रोजच्यासारखं म्हणाला, "धरलंस ना?" तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हेल्मेटच्या आत काहीतरी गुणगुणत होता. हात तिने तसाच ठेवला.

फळा भरत गेला. मोठ्या सरांनी पुढचा कागद उचलला.

"ग्राफ थिअरी. आधी नंबर थिअरी."

त्यांनी बाण काढला. ती टेबलावरच्या ओरखड्याकडे बघत राहिली. आता तो दचकेल, वळेल, बघेल. तो वळला नाही. तिने चोरून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि तो मोठ्या सरांच्या हातातल्या पुढच्या कागदाकडे बघत होता.

"नंबर थिअरी," मोठे सर म्हणाले. थोडं थांबले. "आधी ग्राफ थिअरी."

दुसरा बाण पहिल्याच्या खालून उलटा गेला. मग कॅल्क्युलसच्या बाईंना हसू आवरेना.

"अहो, म्हणजे हिचा विषय झाल्याशिवाय त्याच्या वर्गात बसायचं नाही, आणि त्याचा झाल्याशिवाय हिच्या. पोरांनी शिरायचं कुठून?"

"खिडकीतून," मागून कोणीतरी म्हणालं.

"जावईबापू, तुम्ही तर हेच शिकवता ना? ठिपके, रेषा, चक्रं? कमाल आहे तुमची!"

मोठे सर हसले नाहीत. त्यांनी डस्टर उचललं. "एक बाण पुसला की प्रश्न मिटला. ज्याने लिहिलाय त्याने म्हणायचं, चुकून लिहिला. बस्."

तिने म्हटलं असतं, तर त्याची वाट मोकळी झाली असती आणि तिचा विषय त्याच्या मागे अडकला असता. त्याने म्हटलं असतं, तर उलट. डस्टर दोन बाणांच्या मध्ये थांबलं होतं. पंखा घरघरत होता. तो बोलेल, तिला वाटलं. त्याने बोलायलाच हवं. मी शब्द टाकला नसता, तर तो आज या टेबलाशी तरी असता का? तो अंगठ्याने शाईचा एक जुना डाग घासत होता. तिने ओठ उघडले आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"बरं," मोठे सर म्हणाले.

त्यांनी बाण नाही पुसले. दोन्ही चौकटीच पुसल्या, कोपऱ्यांपर्यंत, नीट. ओल्या फडक्याने पुन्हा एकदा.

"इथे डेटा सायन्स घेऊ. पोरं तेच मागतायत. माणूस मी बघून ठेवलाय." मग फडकं पिळत, जवळजवळ आपुलकीने म्हणाले, "मला भीती होती, तुम्ही दोघं एकमेकांना धरून राहाल. मग माझी पंचाईत झाली असती."

आणि त्यांनी पुढचा कागद उचलला.

बैठक संपल्यावर पार्किंगमध्ये त्याने तिला हेल्मेट दिलं. तिने पट्टा लावला.

"मी बोलणारच होतो," तो म्हणाला.

"मी पण."

त्याने मान हलवली. किल्ली फिरवली, आरसा नीट केला. ती मागे बसली.

"धरलंस ना?" मागे न बघता त्याने विचारलं.

"धरलंय," ती म्हणाली. तिचे दोन्ही हात पाठीमागे, सीटच्या लोखंडी दांड्यावर होते.