नुसती नावं

कागदाच्या दोन्ही कडांना ओळीनं बारीक भोकं होती, आणि श्यामसुंदर त्या भोकांवरून बोट फिरवत बसला होता – लहान मुलानं सदऱ्याच्या बटणांवरून फिरवावं तसं – आणि सुनीतीला वाटत होतं, तिथं नको, मधे बघा... मधल्या नावांकडे बघा हो. पेन्सिल तिच्याच मुठीत घामेजली होती. पावणे एमआयडीसीतल्या त्याच्या कंपनीतून हाताखालचा जयप्रकाश सकाळी हा कागद देऊन गेला होता, दारातूनच, चप्पलही न काढता.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ. सरांनीच लिहिलेले प्रोग्रॅम आहेत सगळे, लायब्ररीतले. कुठला काय काम करतो तेवढं सांगू देत. साहेबांना बघायचंय, आठवतंय का. मग नोकरीवर ठेवतील. संध्याकाळी येतो मी."

यादी काढणारं ते फंक्शनही श्यामसुंदरनंच लिहिलेलं. मेंदूला झटका येण्याच्या कितीतरी आधी, वाशीचा हा फ्लॅट नवा असताना, याच खुर्चीत चहा पिता पिता त्यानं समजावलं होतं – लायब्ररीला, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमच्या साठ्याला, विचारायचं, तुझ्यात काय काय आहे, की ती सगळ्यांची नावं सांगते. नुसती नावं? कोण काय करतं ते नको? तिनं विचारलं होतं. "ते कशाला? नाव दिसलं की बाकीचं आठवतं मला. मी आहे ना!" केवढा तोरा होता... आणि मीही वेडी, कौतुकानं हसले. नावापुढे एकेक ओळ लिहिली असती तर हात झिजले असते का हो तुमचे? तिला त्याचा राग आला, आणि रागाची लगेच लाजही वाटली.

"स्टॉक-दोन," त्यानं वाचलं. अगदी स्वच्छ.

"हा काय करतो?"

"स्टॉक-दोन."

गोदामातला माल मोजत असेल... लिहून टाकू का मीच? पेन्सिल कागदाला टेकलीसुद्धा. पण उद्या साहेबांनी त्यालाच समोर बसवून विचारलं तर? बाजाराकडून कांद्याचा उग्र वास येत होता, आणि खिडकी लावायलाही तिला उठवेना.

"सुनीती."

"काय, पाणी हवंय?" ती म्हणाली, आणि मग तिला दिसलं, त्याचं बोट कागदावर होतं. तिचं नाव. छापलेलं, इतरांच्याच रांगेत. तिच्या नावाचा प्रोग्रॅम त्यानं कधी लिहिला? सांगितलं नाही कधी... लग्नाच्या वर्षी असेल. तिला भरून आलं.

"ही... ही काय करते हो?"

त्यानं कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"सुनीती," तो म्हणाला, 'स्टॉक-दोन'इतकंच स्वच्छ, आणि छान हसला.

त्याच आवाजात. ज्या आवाजात तो तिला रोज हाक मारायचा, आणि ज्या हाकेच्या जोरावर ती शेजारच्या विमलबाईंना सांगत आली होती – सगळं विसरले, पण माझं नाव नाही विसरले हं – त्याच आवाजात. तिनं पेन्सिल खाली ठेवली. 'मी कोण?' एवढंच विचारायचं होतं. पण त्याचा हात हातात घेऊन ती नुसती बसून राहिली; विचारायची तिला भीती वाटली.