तिसरा काटा कुठं आहे?

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीतला मीटर आहे. स्टिअरिंगच्या मागे, छोट्याशा काळ्या छपराखाली मी बसतो. गाडीचं कौतुक करताना लोक तिचा रंग बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, दारं आपटून बघतात. माझ्याकडे बघायचं कुणाला सुचत नाही. गाडी चालवताना मात्र घडोघडी मीच लागतो. असो. मला रुसायची थोडी सवय आहे, तुम्ही ते मनावर घेऊ नका.

माझ्या अंगावर तीन काटे आहेत. मोठा काटा वेग सांगतो, दुसरा पेट्रोल सांगतो आणि तिसरा इंजिन किती तापलंय ते सांगतो. पाठीमागे छोटे बल्ब आहेत. कारखान्यात मला पहिल्यांदा वीज मिळाली, तेव्हा माझा हिरवा उजेड बघून जोडणी करणारी मुलगी स्वतःशीच हसली होती. मग तिने माझ्या काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून एक पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं. गाडी घरी पोचली की ते काढून टाकायचं असतं.

गाडी पोचली डोंगरपायथ्याच्या सालातिगा गावाला, वार्सितोंच्या घरी. वार्सितो बसचे ड्रायव्हर. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या चालवलेल्या माणसाने स्वतःची गाडी घेतली होती. त्यांची बायको रुकिनी हिने हळदीच्या भाताचा डोंगर रचून अख्ख्या गल्लीला जेवू घातलं. मेकॅनिक तगुह शेजारीच राहायचा. तो आत डोकावून म्हणाला, "हे मीटरवरचं प्लास्टिक काढू का?"

"हात लावू नकोस!" वार्सितो ओरडलेच. "नवीकोरी आहे ती. लेबारानच्या सणाला काढू, चांगला दिवस बघून."

लेबारान आला. पण सणाला आलेल्या पोरांचे हात गुळाने चिकट झालेले, म्हणून ते राहिलं. मग मुलगी सेकार शाळा संपवेल तेव्हा काढू असं ठरलं. मग तिच्या लग्नाला. चांगले दिवस पुष्कळ आले हो, पण प्रत्येक वेळी वार्सितोंना पुढचा दिवस जास्त चांगला वाटायचा. सीटवरचं प्लास्टिक आत्यामावश्यांनी बसून बसून फाडलं. माझ्यावरचं तेवढं राहिलं आणि हळूहळू सगळे ते विसरून गेले. त्यांना वाटू लागलं, माझं तोंडच तसं आहे.

तरीही ती वर्षं सुखाची होती. वार्सितो बसवरून निवृत्त झाले आणि रुकिनीने दारात भाजीचं दुकान मांडलं. रोज पहाटे, अंधार असतानाच, ती दोघं मर्बाबू डोंगराच्या अंगाने चढून नगाब्लाकच्या भाजीबाजारात जात. येताना कोबी, गाजरं आणि पातीच्या कांद्यांनी गाडी भरून जाई. वळणावर धुकं असलं की वार्सितो माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय बाबा, ठीक ना?" मी ठीकच असायचो. त्या चार शब्दांवर मी दिवस काढायचो.

पुढे प्लास्टिक पिवळं पडलं आणि चांगलंच गढूळ झालं. दिवसा काटे कसेबसे दिसत, पण अंधारात माझा उजेड बाहेर पोचेना. मी आत जीव तोडून जळत होतो आणि वार्सितो बाहेर मान पुढे काढून डोळे बारीक करत होते. त्यांना एकच गोष्ट कळत होती: आपले डोळे गेले. ड्रायव्हर माणसाला याहून मोठी भीती नसते. गुपचूप चष्मा बदलून आले. तरी काही फरक नाही!

मग एका पहाटे ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बुने, तिसरा काटा कुठं आहे गं?" बुने म्हणजे मुलीची आई, आणि पाकने म्हणजे मुलीचा बाप. मुलगी झाल्यापासून ती दोघं एकमेकांना तशीच हाक मारत.

रुकिनी वाकली. तिलाही काही दिसलं नाही. तिला वाटलं, आपलेही डोळे गेले. पण आपण हे सांगितलं तर हा माणूस गाडी बाहेरच काढणार नाही. ती ठसक्यात म्हणाली, "मध्यावर आहे, पाकने. तुम्ही रस्त्याकडे बघा."

"निदान तुला तरी दिसतंय," वार्सितो म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवसापासून रुकिनी रोज माझं वाचन करू लागली, आणि रोज ठोकून देऊ लागली. तिसरा काटा कुठंही असो, ती म्हणायची मध्यावर. मला हसूही यायचं आणि भीतीही वाटायची. खोटं बोलताना तिचा आवाज इतका मायेचा असायचा की माझ्याने रागावणं जमलं नाही.

आणि एक दिवस जे व्हायचं तेच झालं. सेकार सेमारांगहून माहेरी आली होती, ती मागे बसली होती. चढ संपता संपेना. माझा तिसरा काटा लाल रेघेला टेकला. "मध्यावर," रुकिनी म्हणाली. पुढच्याच वळणावर बॉनेटमधून फस्सकन वाफ निघाली आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागून येणारा भाजीचा ट्रक करकचून ब्रेक लावत अगदी टेकायला आला.

उजाडल्यावर गाडी ओढून घरी आणली. अंगणात पोचताच सेकारने हात पुढे केला. "बापाक, किल्ली द्या."

"अगं, पाणी कमी पडलं होतं, दुसरं काही..."

"तुम्हाला काटा दिसत नाही. आईला विचारता. मी ऐकलंय सगळं. मला आईबाप दोघं हवेत, कोबी नको!"

वार्सितोंनी किल्ली दिली. एवढी वर्षं बसभर माणसं सुखरूप पोचवणारा तो हात, किल्ली देऊन झाल्यावरही तसाच पुढे राहिला. मला फार वाईट वाटलं.

तगुहने इंजिन दुरुस्त केलं. जाता जाता पाठीकडून हात घालून माझे बल्बही नवे बसवले. तरी अंधुक ते अंधुकच. "काच म्हातारी झाली," तो म्हणाला. "मीटरच बदला, नाहीतर गाडी काढून टाका." सेकारने गिऱ्हाईक शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी बघायला येणार होतं.

संध्याकाळी रुकिनी ओलं फडकं घेऊन आली. विकायची असली तरी मळकी गाडी ती कुणाला दाखवणार नव्हती. पुसता पुसता नाकही पुसत होती. वार्सितो शेजारी उगाच बसले होते. तिने माझा कोपरा घासला आणि तिचं नख कशात तरी अडकलं. चर्रर्र आवाज झाला.

"अगं बाई! पाकने, मी गाडी फाडली!"

"गाडी कशी फाटेल?"

"हे बघा ना, सोलून निघतेय!"

वार्सितो बघतच राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "काढू, काढू म्हणत राहिलं ते हेच!" दोघांनी एकेक टोक धरून ओढलं. किती वर्षांनी माझ्या काचेला वारा लागला!

"सेकार, पोरी, किल्ली आण जरा!"

सेकार धावत आली. किल्ली फिरली, दिवा लागला, आणि मी झगमगलो. म्हणजे माझ्या वयाला शोभेल इतकाच हो, पण तीनही काटे, सगळे आकडे, अगदी शेवटची बारीक रेघसुद्धा दिसत होती.

"मला दिसतंय," वार्सितो हळूच म्हणाले. "बुने, मला दिसतंय गं."

"मलाही!" म्हणताना रुकिनीने जीभ चावली.

"मलाही म्हणजे? तुला तर रोजच दिसत होतं ना?"

"कुठलं दिसतंय! अंदाजाने सांगायचे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"मध्यावर, मध्यावर!" वार्सितो हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि मी म्हणायचो, माझ्यापेक्षा हिची नजर बरी."

सेकार दाराला धरून उभी होती. तिने खाली वाकून सगळ्यांत लांबचा, सगळ्यांत बारीक आकडा दाखवला. "बापाक, हा वाचा."

त्यांनी वाचला. बरोबर वाचला. तिने आणखी एक दाखवला, तोही बरोबर. मग तिने किल्लीवरून हात काढला आणि ती तशीच राहू दिली. "गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून सांगते," ती म्हणाली, आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

तेवढ्यात रुकिनी वाकली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा माझं खरं वाचन केलं. "पाकने, पेट्रोल संपलंय."

मित्रांनो, मला कुणी वाईट वागवलं नाही. उलट फार जपलं, म्हणूनच मी एवढा काळ झाकलेला राहिलो. तुमच्या घरातली चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी झाकून ठेवू नका; ती वापरा, म्हणजे दिवस चांगला होईल. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस डोळे बारीक करून बघत असेल, तर त्याच्या हातातली किल्ली काढून घेण्याआधी त्याच्या जागेवर जाऊन बसा, आणि तिथून काय दिसतं ते स्वतः बघा.