दार ठोठावले, कुणी उघडले नाही

बातमीदाराला एक खोड होती, आणि त्या खोडीवरच त्याचं नाव झालं होतं. कुणाविरुद्ध काही छापायचं असेल तर आधी त्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहायचा. फोनबिन नाही, स्वतः. माणूस भेटला तर त्याचं म्हणणं बातमीच्या शेवटी यायचं. नाही भेटला तर तिथे एक ठरलेली ओळ असायची : 'दार ठोठावले, कुणी उघडले नाही.' कचेरीत सगळे टर उडवायचे. "काय हो, आज किती दारं झिजवलीत?" पण वाचक ती ओळ बघायचे आणि म्हणायचे, हा जाऊन आलाय ना, मग बातमी खरी.

पुढे कचेरीत यंत्र आलं. कानामागून आलं आणि तिखट झालं. आधी नुसते मथळे सुचवायचं, मग खेळाच्या बातम्या लिहायला लागलं, आणि बघता बघता निम्म्या टेबलांवरची माणसं घरी बसली. बातमीदाराला मात्र संपादकांनी ठेवून घेतलं. वर गोड बोलून गळाला लावलं. "तुमचं आजवरचं सगळं लिखाण त्याला वाचायला देऊ. तुमचा आवाजही देऊ. तुम्ही रजेवर असलात तरी तुमचं नाव चालू राहील." आणि या शहाण्याने सही केली! स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, आणि त्या दिवशी खुशीत घरी गेला. आपलं नाव रोज छापून येणार म्हटल्यावर कोण नाही म्हणतंय हो?

तर पुढे एके दिवशी अक्कलदाढ काढल्यामुळे तो रजेवर होता. गाल टम्म फुगलेला, तोंडात कापूस. दुपारी ताईचा फोन आला.

"तू आमच्याकडे आला होतास?"

"नाही. का गं?"

"दार ठोठावलंस म्हणे. आम्ही घरातच होतो रे, सकाळपासून दोघंही. कुणी आलं नाही. असं का लिहिलंस?" आणि फोन बंद झाला.

त्याने फोनवरच पेपर उघडला. वस्तीतली मुलं पाण्याने आजारी पडली होती, दोघं अत्यवस्थ होती. टाकीवरचा माणूस कामावर झोपला होता म्हणून घाण पाणी सुटलं, असं बातमी म्हणत होती. टाकीवरचा माणूस म्हणजे दाजी, ताईचा नवरा. पाण्याची तपासणी अजून झालीच नव्हती. कुणीतरी कुठेतरी काहीबाही लिहिलेलं यंत्राने गोळा केलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. वर बातमीदाराचं नाव, त्याचा फोटो, आणि तळाशी त्याची ती ओळ.

त्याने संपादकांना फोन लावला. "अहो, मी गेलोच नाही तिकडे! काढा ती बातमी!"

"आता काढून काय होणार? सगळीकडे गेली ती," संपादक म्हणाले. "त्यांचं म्हणणं आणा. दोन वाक्यं बोलू देत, लगेच बदलतो. माणसाचं म्हणणं घ्यायचं, हा नियम तुमचाच ना?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बातमीदार तसाच निघाला.

ताईच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात दगड, आणि फोन तर प्रत्येकाच्या हातात. त्याला वाटलं, आता आपल्याला आधी झोडपणार. पण त्याला बघताच गर्दी बाजूला झाली. "साहेब आले, साहेबांना वाट द्या!" एका बाईने त्याचे हात धरले. तिचे डोळे रडून सुजले होते. "माझी पोरगी दवाखान्यात आहे. तुमच्यामुळे कळलं हो, कुणी केलं ते." त्याला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्याने दार ठोठावलं. "ताई, मी आहे. उघड."

"कोण मी?" आतून ताई म्हणाली.

"अगं, मी! दाजींना दोन वाक्यं बोलू दे, बातमी आत्ताच्या आत्ता बदलते."

"मघाचाही हेच म्हणत होता."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. एका तरुणाने फोन वर धरला आणि त्यातून बातमीदाराचा स्वतःचा आवाज आला, स्वच्छ, प्रेमळ : "ताई, मी आहे. उघड." पेपरने सोय केली होती, टाइप करा, तो आवाज वाचून दाखवेल. खऱ्याच्या तोंडात कापूस होता, त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, ऐक! लहानपणी काच मी फोडली आणि मार तू खाल्लास, आठवतं? मला कोठीत लपवलं होतंस!"

"ते तू रविवारच्या पुरवणीत छापलंयस रे," ताई रडत म्हणाली. "सगळ्या जगाला माहीत आहे."

तो आठवायला लागला. आईचं आजारपण, ताईचं लग्न, वडिलांचा चष्मा. एखादी गोष्ट, फक्त एक, जी दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही. पण मेल्याने सगळंच लिहून काढलं होतं, घरचं काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं. त्याला रडू फुटलं. तो दोन्ही मुठींनी दार बडवू लागला. आत टेबल सरकवल्याचा, दाराला काहीतरी जड लावल्याचा आवाज आला.

खिशातला फोन थरथरला. मागोमाग गल्लीतले सगळेच फोन थरथरले. बातमी ताजी झाली होती. आत्ताचाच फोटो, गर्दीतल्या कुणीतरी टाकलेला; बातमीदाराच्या मुठी दारावर. खाली त्याच्याच भाषेत लिहिलं होतं : 'प्रस्तुत प्रतिनिधी आज पुन्हा गेले. दार ठोठावले, कुणी उघडले नाही.'

या वेळी त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"बघा, साहेबांनाही उघडत नाहीत!" कुणीतरी ओरडलं. "मग आत पापच आहे!"

"थांबा!" तो ओरडला. "ऐका माझं, मी लिहिलेलं नाही ते—" पण कापसातून निघालेले शब्द त्याचे त्यालाच कळले नाहीत. ज्या बाईने हात धरले होते, तिनेच त्याला मायेने बाजूला घेतलं.

"दमलात तुम्ही," ती म्हणाली. "व्हा बाजूला. आता आम्ही ठोठावतो."