गप्प राहून उचलायचं नाही

घरात तिच्या हातात काही टिकूच देत नव्हते. बादली उचलायला वाकली की नवरा धावत यायचा. धुतलेल्या कपड्यांचा ढीग उचलला की मुलगी मध्येच आडवी यायची. आणि सासूबाई! ज्यांना स्वतःला जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागायचं, त्या सुनेच्या हातातली पिशवी हिसकावून घ्यायच्या आणि वर दटावायच्या, "ठेव खाली! जीव नकोसा झालाय का?"

आता ही सून कोण, तर लॉन्ड्रीतले लोक जिला क्रेन म्हणत ती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी ती लॉन्ड्री. मोठ्या मशिनमधून भिजलेल्या चादरींचा गोळा बाहेर ओढायला दोन बाप्ये लागायचे, हिला एकटीला पुरे. लग्नाआधी वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरायची, बक्षिसं आणायची. लग्नानंतर स्पर्धा सुटल्या, पण आठवड्यातून दोनतीनदा जिमला जाणं काही सुटलं नव्हतं. बोलायची कमी. तिला विचारलं एक वाक्य तर उत्तर मिळायचं एक शब्द, तोही नाइलाज झाला तर.

मग एक साधा ताप आला. ताप गेला, पण जाताना हृदयाचा स्नायू दुबळा करून गेला. महिनोन्‌महिने अंथरूण, गोळ्या, तपासण्या. शेवटी डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. हृदय भलतंच धावायला लागलं तर ते आतून झटका देणार आणि ताळ्यावर आणणार. छातीत लाथ बसल्यासारखं वाटतं म्हणे. तिला अजून बसली नव्हती, आणि बसली नव्हती म्हणूनच ती सारखी तिची वाट बघायची. भाजी चिरताना बघायची, दात घासताना बघायची.

लॉन्ड्रीने तिला काढलं नाही, हे त्यांचे उपकारच. मशिनवरून उठवून एका खुर्चीत बसवलं आणि उशांच्या अभ्र्यांना खुणेच्या चिठ्ठ्या टाचायला दिल्या. बसायचं, टाचायचं, पुढचा अभ्रा घ्यायचा. दुपारपर्यंत तिच्या पायांना मुंग्या यायच्या आणि डोक्याला त्याहून जास्त. घरी आली की या खोलीतून त्या खोलीत. कपाट उघडायचं, काही न घेता लावायचं. खिडकीशी जायचं, परत यायचं. "अगं, बस की घटकाभर!" सासूबाई ओरडायच्या. बस! दिवसभर दुसरं काय केलं होतं?

पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरांना सरळ सांगितलं, "मला वजन उचलायचंय."

डॉक्टर वयाने लहान, पण शहाणी मुलगी. हसली नाही. कागद पुन्हा चाळले, चालायच्या पट्ट्यावर घेतलेली चाचणी पाहिली आणि म्हणाली, "हलकं उचला. पण श्वास रोखायचा नाही. रोखलात की आतला दाब एकदम चढतो, तो तुमच्या हृदयाला झेपायचा नाही. उचलताना बोलता आलं पाहिजे. बोलणं थांबलं की वजन खाली."

घ्या! वजन उचलणाऱ्याला श्वास रोखू नको म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला ओलं होऊ नको म्हणणं. तिचं सगळं शिक्षणच ते. पोटात श्वास भरायचा, कोंडायचा, अंगाचा खांब करायचा आणि मग वजनाचा बार जमिनीवरून सोडवायचा. त्यात ही बाई मुलखाची अबोल. पण हो म्हणून आली.

जिम दोन गल्ल्या पलीकडे, टायरच्या दुकानावर. ती चालवणारी कोच म्हणजे हिची जुनी वैरीण. स्पर्धांत कायम हिच्या मागे दुसरी यायची. एवढी वर्षं झाली तरी ते तिला पचलं नव्हतं आणि तसं ती तोंडावर सांगायचीही.

"माझ्या जिममध्ये मेलीस तर मला टाळं लागेल," कोच म्हणाली. "तेव्हा ऐक. बोलत उचलायचं. एकदा जरी श्वास धरलास तर दार बंद, मग ही पायरी चढायची नाही. आणि बोलायला घरचं माणूस आण. मला इथं बाकीच्या बायका बघायच्या असतात."

नवऱ्याला विचारलं. तो बस चालवायचा, शंभर माणसांचा जीव रोज हातात धरून घरी यायचा, पण हे म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. "मला नाही बघवणार गं," तो म्हणाला. "तू झोपलीस तरी मी नाकापाशी हात धरून बघतो. दुसरं काही सांग."

"मी जाते!" सासूबाई आतून म्हणाल्या. "बोलायचंच आहे ना? त्यात काय मोठंसं!"

सासूबाईंना बोलायला सांगणं म्हणजे माशाला पोहायचा आग्रह करण्यासारखं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हाच त्यांचा आयुष्यभराचा व्यायाम. दुसऱ्या दिवशी चांगली साडी नेसून, पाण्याची बाटली घेऊन त्या जिममधल्या बाकावर जाऊन बसल्या, समोरच्या आरशात स्वतःला एकदा बघून घेतलं आणि सुरू झाल्या.

सून बारवर वाकली. सासूबाईंनी विचारलं, "माझा भाऊ तुला आवडत नाही ना?"

"नाही... आवडत." बार वर आला.

"का बरं?"

"फुकटचा... सल्ला... देतो." बार खाली गेला.

"बाई, बाई! बरं, माझ्या हातचा चहा कसा असतो?"

"पाणचट."

शेजारी व्यायाम करणाऱ्या दोघीतिघी हसून हसून खाली बसल्या. सासूबाई चिडल्या खऱ्या, पण घरी येईपर्यंत त्यांनी ते तीनदा वेगवेगळ्या लोकांना सांगितलं, तेही कौतुकाने. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाक मोकळं ठेवलं तर तोंड उघडलं होतं. कारण वजन हातात असताना माणसाला सजवून बोलायला सवड नसते, जे आहे तेच बाहेर येतं. लग्नात तुला साडीचा रंग आवडला होता का? नाही. मग सांगितलं का नाहीस? विचारलं... कुणी? मी तुला फार बोलले का गं, तेव्हा? हो. फार.

असं होता होता बारला वजनाच्या छोट्या छोट्या प्लेट लागल्या. दोघी जिना उतरायच्या त्या भांडत, गल्ली ओलांडायच्या त्याही भांडत. नवऱ्याला घरात बायकोचं गुणगुणणं ऐकू आलं तेव्हा त्याला आधी वाटलं रेडिओ चालू राहिलाय. पण सुनेच्या जिवाला स्वस्थता होती का? छे! उलट हात शिवशिवायचे. एवढं उचललं, मग अजून थोडं का नको? लॉन्ड्रीतल्या खुर्चीत बसून ती मनातल्या मनात प्लेट चढवत राहायची आणि चिठ्ठ्या उलट्या टाचायची.

त्या दिवशी शेजारच्या बारवर स्पर्धेची तयारी करणारी एक मुलगी होती. मुलीने प्लेट चढवल्या, पंजे खडूने पांढरे केले, छाती भरून श्वास घेतला, गाल फुगवले आणि बार सरळ वर. मग धाडकन खाली. जमीन हादरली. सुनेच्या टाचांतून तो हादरा वर चढला. कधीकाळी हेच वजन तिचं होतं.

ती आपल्या बारवर वाकली. कोचने ठरवून दिलेलं वजन, एक ग्रॅमसुद्धा जास्त नाही. सासूबाईंनी विचारलं, "उद्या भाजी कुठली करायची?"

उत्तर आलं नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं झालं. तिने छाती भरली, श्वास कोंडला आणि अंगाचा खांब केला. बार असा अलगद वर आला! क्षणभर तिला वाटलं, ताप आलाच नव्हता. यंत्र नाही, गोळ्या नाहीत, ती आणि बार, बस्स. किती छान वाटलं ते सांगता यायचं नाही, आणि तेच वाईट.

मग बार खाली गेला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. छातीत काहीतरी फडफडू लागलं, खोलीत अडकलेल्या पाखरासारखं. तिचा हात खांद्याखालच्या यंत्रावर गेला. आता बसणार लाथ. आता. आता. फडफड जराशी चालली आणि थांबली.

कोच त्या टोकाकडून आली. तिला काही दिसलं नव्हतं, पण आवाज तुटलेला जाणवला होता. "बोलली का ती?"

"बोलली की," सासूबाई म्हणाल्या.

"काय बोलली?"

"भाजी म्हणाली."

"कुठली?"

"आं? कुठलीही चालेल म्हणाली."

"मला नाही ऐकू आलं."

"कसं येईल? एवढ्या मोठ्यानं गाणी लावून ठेवतेस! आमचे कान फुटायची वेळ आली."

चोराच्या उलट्या बोंबा! सून सासूकडे बघत राहिली. सासूबाई नजर देईनात, बाटलीचं झाकण उघडत होत्या, लावत होत्या. सुनेला कळलं, सुटले. नुसती मान हलवायची, संपलं. खरं सांगितलं तर दार बंद, मग ती खुर्ची, ते अभ्रे आणि हातातून हिसकावलेल्या पिशव्या, जन्मभर. आणि मान हलवली तर? पुढच्या वेळी श्वास कोंडेल तेव्हा ओरडणार कोण? राखणीला बसवलेलं माणूसच फितूर झालेलं. त्या विचारापुढे तिला खुर्चीसुद्धा बरी वाटली.

"नाही बोलले मी," ती म्हणाली. "श्वास धरला. आणि छातीत फडफडलं."

कोचने शिवी दिली, तिला भिंतीला टेकवून बसवलं, मनगट धरलं. ठोके सरळ लागले तसा फोन पुढे केला. "डॉक्टरांना सांग. आत्ता, माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यंत्र तपासलं. हृदय थोडा वेळ भरकटलं होतं आणि आपणच वाटेवर आलं होतं. डॉक्टर खूप रागावली. मग म्हणाली, "पण खरं सांगितलंत ते बरं केलंत. गोळी वाढवते. महिनाभर काही नाही. मग पुन्हा रिकाम्या बारपासून, आणि तुमच्या कोच घेणार असतील तरच."

तो महिना तिने घरात फेऱ्या घालून घालवला. सासूबाई कधी नव्हे त्या गप्प होत्या. महिना संपला तसा सुनेने बूट घातले, सासूबाईंनी बाटली घेतली, आणि दोघी जिमच्या पायऱ्या चढल्या. कोच दारातच उभी होती.

"तू ये," ती सुनेला म्हणाली. "चुकलं ते चुकलं म्हणून सांगणाऱ्या माणसाला मी सांभाळू शकते. मावशी, तुम्ही नाही. तुम्ही खोटं बोललात."

"हो, बोलले!" सासूबाई उसळल्या. महिन्याभराचं साठलेलं सगळं बाहेर आलं. "शंभरदा बोलले! ही घरात आली तेव्हापासून तोंडात मूग धरून बसलेली. मी बोलायचे, भिंती ऐकायच्या. आता कुठं माझ्याशी बोलायला लागलीय. माझ्या चहाला नावं ठेवते, माझ्या भावाला ठेवते. तू दार बंद केलंस की ही पुन्हा मुकी होणार. मग मी काय करू? कुणाशी बोलू मी?"

"आई," सून म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो सासूबाईंनी कधी ऐकलेला नव्हता. "मी मेले असते तर कुणाशी बोलला असतात?"

सासूबाईंचे डोळे भरून आले, पदर नाकाला लागला.

कोचने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "हिच्याशी बोलायला दुसरं कोण आहे?" तिने विचारलं.

"कुणी नाही," सून म्हणाली. "यांच्याशीच येतं मला बोलता."

"मग मरा दोघी आत," कोच म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "म्हणजे, मरू नका."

रिकामा बार. प्लेट नाहीत, काही नाही. सून वाकली, पकड घेतली आणि वाट बघत राहिली. बाकावर सासूबाई बसलेल्या, हातात बाटली, आणि त्यांना काही सुचेना. भाजी सुचेना, भाऊ सुचेना. इतक्या वर्षांची ती जीभ, ऐन वेळी टाळ्याला चिकटून बसली.

"आई, विचारा ना."

सासूबाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

मग सूनच बोलायला लागली. कुणी न विचारता, आपणहून. "मला... भीती वाटते," ती म्हणाली, आणि बार जमिनीवरून सुटला. "सकाळी उठल्या उठल्या... वाटते. यंत्राची... वाटते. झोपायची... वाटते."

"ऐकू येत नाही!" कोच त्या टोकाकडून ओरडली.

"भीती वाटते मला!" ती एवढ्यांदा ओरडली की शेजारची मुलगी बार सोडून बघत राहिली. "खूप वाटते!"

"मलाही गं," सासूबाई रडत रडत म्हणाल्या, आणि मग त्यांचा त्यांनाच राग आला. "अगं, एवढी वाटते तर उचलतेस कशाला, बाई?"

बार गुडघ्यांच्या वर आला होता. तिने तो सरळ उभा नेला.

"बसले की," ती म्हणाली, "जास्त वाटते."