आभाळ पाहून आलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना थर्माकोलचा डबा आहे. आधी मी औषधाच्या दुकानात होतो. बर्फ आणि इंजेक्शनं पोटात घेऊन गपगार बसायचं, एवढंच माझं काम. रिकामा झाल्यावर दुकानदाराने मला मागच्या दाराशी टाकलं. तिथून एका शाळकरी मुलीने मला उचललं.

तिच्या वर्गाला हवामानाचा फुगा सोडायचा होता. माझ्या पोटात त्यांनी कॅमेरा बसवला आणि मी कुठे आहे ते कळवणारं एक यंत्र. मुलगी मला कामासाठी घरी न्यायची. तिचे आजोबा अंथरुणाला खिळले होते, पण जीभ धडधाकट.

"वर जायची घाई मला," ते म्हणायचे, "आणि पाठवतेस या डब्याला?"

"तो परत येणार आहे, आजोबा. फोटो घेऊन."

"मग लवकर आण. जाण्याआधी जागा बघून घेतलेली बरी."

यावर ती हसायची नाही.

निघायच्या सकाळी, मला थंडी वाजू नये म्हणून तिने मला चांदीच्या कागदात गुंडाळलं. कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलं, बाकी तान्ह्या बाळासारखं घट्ट. मला किती बरं वाटलं! मग मैदानात मुलांनी एकच गलका केला आणि दोर सुटला.

वर गेलो तसे आवाज संपले. भर दुपारी आभाळ काळं होतं आणि पृथ्वीची कड वाकलेली. इतकं सुंदर मी कधी पाहिलं नव्हतं, आणि सांगायला शेजारी कोणी नव्हतं. मग फुगा फुटला, मला बांधलेली हवाई छत्री उघडली, आणि मी एका दाट झाडाच्या शेंड्यात अडकलो.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. वाऱ्याचा अंदाज घेत माझ्या झाडाखालीच पोचले. गवत, खड्डे, काटेकुटे, सगळं धुंडाळलं.

"यंत्र गप्प कसं?" बाईंनी विचारलं.

"बाई, मी त्याला चांदीचा कागद गुंडाळला. थंडी वाजेल म्हणून."

"सगळीकडून? अगं, त्यातून सिग्नल बाहेर पडत नाही." बाई रागावल्या नाहीत. "चल, उशीर होतोय."

ती सगळ्यांच्या मागून निघाली, मान खाली घालून. मी जिवाच्या आकांताने हाक मारली. पण डब्याची हाक ऐकतो कोण?

आता पक्ष्यांनी माझे कोपरे टोकरले आहेत. आजोबा असतील की नसतील, मला ठाऊक नाही. मित्रांनो, हरवलेलं शोधताना सगळे पायांशीच बघतात. तुम्ही या वाटेने आलात, तर एकदा वर बघा. तिच्यासाठी काढलेले फोटो मी अजून कोरडे ठेवले आहेत.